नोंद करणाऱ्याचं मत

मुलुंड (पूर्व)
५ फेब्रुवारी २०२४

आदरणीय नलिनीताई टिपणीस यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता प्रकाशकांकडून मिळाला.

मुलुंड पूर्वेला आमचा आठ जणांचा वाचनगट आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी डॉ. सुलक्षणा देशमुख यांच्या दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, आम्ही जमतो. महिनाभर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. बोलण्याची नोंद मी करते आणि ती हाताने लिहून लेखकाला पाठवते. नियम तीन आहेत. हजर असलेल्या प्रत्येकाचं काहीतरी लिहायचंच. जे म्हटलं ते गोड न करता लिहायचं. आणि नोंद करणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. हा तिसरा नियम आमचे अध्यक्ष चंद्रप्रकाश प्रधान यांनी केला, कारण माझ्याआधीचे गृहस्थ स्वतःचीच मतं दोन-दोन पानं लिहायचे.

परवा आम्ही तुमच्या ‘सव्वातीनचं पाणी’वर बोललो. नोंद अशी :

चंद्रप्रकाश प्रधान : चाळीतल्या शेजाऱ्यांची नावं फार झाली. मला कागदावर मांडून ठेवावी लागली.

सुलक्षणा देशमुख : द्वारका घर सोडून मानखुर्दला जाते आणि कँटीनमध्ये पहिल्या दिवशी कांदे चिरते, ते पान मी दोन पेशंटच्या मध्ये वाचायला घेतलं आणि तिसऱ्याला तोंड उघडं ठेवून बसवलं.

रुचिरा सामंत : नवरा तेवढा वाईट नाहीये यार. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

काशीराम परब (वय ७४, आधी गिरणीत, नंतर अंधेरीला एका कंपनीत लिफ्टवर) : शेवटी द्वारका नवऱ्याकडे परत येते, पण ती स्वतः आलेली नाही. तिला कोणीतरी उचलून आणून ठेवलंय. जिना चढते त्या पानावर तिच्या पावलांना आवाज नाही, वजन नाही.

बाकीच्या तिघांचं पुस्तक पूर्ण झालं नव्हतं. तसं त्यांनी कबूल केलं.

उत्तराची अपेक्षा नाही. आजवर आम्ही सतरा लेखकांना लिहिलं, दोघांनी उत्तर दिलं.

आपली,
गंधाली आठल्ये

•

बोरिवली (पश्चिम)
२२ फेब्रुवारी २०२४

प्रिय गंधाली आठल्ये,

तिसरं उत्तर माझं समजा.

मुलुंडहून बोरिवलीला तुमचं पत्र यायला आठ दिवस लागले. पायी आलं असावं. पण फोन केला नाहीत हे बरं झालं. फोनवर मला पटकन ‘हो, हो’ म्हणायची सवय आहे.

माझे यजमान नंदकुमार गेली अकरा वर्षं पार्किन्सनने आजारी आहेत. त्यांचं भरवणं, औषधं, फिरवणं यांच्या मधल्या वेळात मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं. परबांचं वाक्य त्याहून जास्त वेळा.

ते खरं आहे. हस्तलिखितात द्वारका परत येत नव्हती. संपादक म्हणाले, वाचक रागावतील. त्यांनी दमदाटी केली नाही, मीही हट्ट केला नाही. त्याच वर्षी नंदकुमारांचा हात चहाच्या कपावर थरथरायला लागला होता. शेवटचं प्रकरण मी चार दिवसांत उरकलं. मग परीक्षणं आली, सगळ्यांना शेवट ‘संयत’ वाटला. त्यानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. विचारणाऱ्यांना नंदकुमारांचं कारण सांगते. ते निम्मं खरं आहे. निम्मं हे, की जिथे मी फसवणूक केली तिथे कोणाचंच बोट पडलं नाही, म्हणजे लिहिलं काय आणि न लिहिलं काय.

आता अकरा वर्षांनी एका गिरणी कामगाराने बोट ठेवलं. काल मी वही काढली. नुसती काढली. परबांना विचाराल का : द्वारका परत आली नसती, तर मानखुर्दला ती काय करत असती?

तुमची,
नलिनी टिपणीस

•

मुलुंड (पूर्व)
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय उत्तराआत्या,
सा. न.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते, आणि हे मोठ्याने बोलायची मला लाजही वाटते.

सोबत नलिनीताईंच्या पत्राची नक्कल आहे, ती आधी वाच. त्यातलं काशीरामकाकांचं वाक्य काशीरामकाकांचं नाही. ते माझं आहे.

त्या शनिवारी काका खुर्चीत झोपले होते. वहीत त्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. प्रत्येकाचं लिहायचंच असा नियम, आणि मी बोलायचं नाही असाही नियम. पुस्तक वाचल्यापासून ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, त्याला कुठेच जागा नव्हती. मी ते रिकाम्या जागेत लिहिलं. मला वाटलं, नेहमीसारखं उत्तरच येणार नाही.

तुला माहीत आहे, मी असं करत नाही. ऑफिसात औषधांच्या माहितीपत्रकांचं मराठी तपासते, एक शून्य चुकलं तर माणूस मरेल या भीतीने ओळीवर पट्टी ठेवून वाचते. संध्याकाळी डोळ्यांपुढे ‘जेवणानंतर’ आणि ‘जेवणापूर्वी’ नाचत असतात. इतकी दमून येते की गटाचं पुस्तक तेवढं माझं स्वतःचं वाटतं. तिथेच मी ही वाट लावली.

आता खरं सांगितलं तर नलिनीताई वही मिटतील. अकरा वर्षांनी उघडली आहे गं. नाही सांगितलं तर पुढच्या प्रश्नाचं उत्तर परत मलाच द्यावं लागणार. काय करू?

तुझी,
गंधाली

•

मुलुंड (पूर्व)
३ मार्च २०२४

आदरणीय नलिनीताई,
स. न.

तुमच्या पत्राने आम्हा सर्वांना आनंद झाला.

काशीरामकाका म्हणतात : मानखुर्दला द्वारकेला सगळ्यात जास्त त्रास रविवारचा झाला असता. कँटीन बंद. आठवडाभर ती दुसऱ्यांसाठी राबते. रविवारी कोणासाठी उठायचं हे तिला ठरवता येत नाही. पहिले काही रविवार ती उगाच बसने घाटकोपरपर्यंत जाऊन परत आली असेल. उतरली नसेल.

लेखन सुरू ठेवावं अशी नम्र विनंती.

आपली,
गंधाली आठल्ये

•

देवरुख
५ मार्च २०२४

चि. गंधाली हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. छातीच्या दुखण्यामुळे सातव्या वर्षापर्यंत तुला शाळेत घातली नाही, घरीच मी शिकवली, याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. शाळेत गेली असतीस तर चार पोरींशी भांडून स्वतःचं म्हणणं मांडायला शिकली असतीस. माझ्यापुढे तू एकटी. बरोबर उत्तर यायचं, पण मान खाली घालून द्यायचीस. मला तेच गुणी वाटायचं. चूक माझी.

काय करू म्हणून विचारतेस. तुला कळत नाही असं नाही. मी ‘राहू दे’ म्हणावं अशी तुझी इच्छा आहे. मी म्हणणार नाही. उद्या लिहून टाक. पण त्याआधी त्या परबांकडे जा. त्यांचं नाव तू न विचारता उचललंस. लेखिकेचं पुढचं पुढे.

आणि खोटं पत्र आणखी एक पाठवलं नसशील अशी आशा करते. पाठवलं असशीलच.

तुझी,
उत्तराआत्या

•

बोरिवली (पश्चिम)
८ एप्रिल २०२४

प्रिय गंधाली,

तू माझ्या मुलीहून, श्वेताहून लहान असणार, म्हणून तू म्हणते.

परबांचा तो रविवार! बसमधून न उतरणारी बाई मला दिसली, आणि त्या दिवशी नंदकुमारांचं दुपारचं औषध चाळीस मिनिटं उशिरा दिलं गेलं. हल्ली त्यांना बोलायला वेळ लागतो. पण मी लिहीत होते हे त्यांनी पाहिलं.

नवी कादंबरी सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. द्वारका परत न आलेली. दोन प्रकरणांच्या झेरॉक्स सोबत आहेत. परबांना वाचायला दे आणि ते बोलतील ते जसंच्या तसं लिही. त्यांना सांग, इतक्या दमलेल्या बाईला कोणीतरी पुढचं पान मागतंय, ही फार मोठी गोष्ट आहे.

नलिनी

•

मुलुंड (पूर्व)
२१ एप्रिल २०२४

आदरणीय नलिनीताई,

काशीरामकाकांनी दोन्ही प्रकरणं वाचली. त्यांना पहिलं फार आवडलं. दुसऱ्यात द्वारका मैत्रिणीला आपली सगळी हकिकत सांगते, ते त्यांना नको वाटलं. ते म्हणाले, एका खोलीत राहणाऱ्या बायका एकमेकींना असं काही सांगत नाहीत; कोण कशाला रडतं ते आवाजावरून ओळखतात.

पुढचं प्रकरण जरूर पाठवा. तुमच्या तब्येतीची काळजी घ्या.

गंधाली

•

बोरिवली (पश्चिम)
१४ जून २०२४

प्रिय गंधाली,

सहा प्रकरणं झाली. परबांनी पाचव्यावर जे म्हटलं त्याने सहावं मला दोनदा लिहावं लागलं, आणि दोन्ही वेळा ते बरोबर होते.

आता मला त्यांना भेटायचं आहे. ६ जुलैला तुमचा पहिला शनिवार. श्वेताने त्या दिवशी रजा टाकली आहे. ती सकाळपासून नंदकुमारांजवळ बसेल. दोन वर्षांत मी बोरिवलीच्या बाहेर गेलेली नाही. दाताच्या खुर्चीवर बसवलंत तरी चालेल.

पुस्तक झालं तर त्यांना अर्पण करणार आहे. हे तू सांगू नकोस, मीच सांगेन.

नलिनी

•

मुलुंड (पूर्व)
१८ जून २०२४

आदरणीय नलिनीताई,

कळवायला फार वाईट वाटतं, पण काशीरामकाका भातलावणीसाठी गावी गेले आहेत. ऑगस्टशिवाय येणार नाहीत. कृपया तेव्हा यावं.

गंधाली

•

बोरिवली (पश्चिम)
२५ जून २०२४

गंधाली,

श्वेताला पुन्हा रजा मिळणार नाही. असू दे. या वयात भातलावणी करतात म्हणजे माणूस कणखर आहे. मी सातवं प्रकरण त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

नलिनी

•

मुलुंड (पूर्व)
१० जुलै २०२४

आदरणीय नलिनीताई,

हे पत्र मी मार्चमध्ये लिहायला हवं होतं. माझ्या आत्याने तसं सांगितलंही होतं.

काशीरामकाका गावी गेलेले नाहीत. ६ तारखेला ते दवाखान्यात माझ्यासमोरच बसले होते. तुमची प्रकरणं त्यांनी जूनअखेरपर्यंत वाचलीच नव्हती. तुमच्या कादंबरीवरचं ते वाक्य, रविवार, आवाजावरून रडणं ओळखणं, पाचव्या प्रकरणावरचं सगळं, हे मी लिहिलं. तुम्हाला काशीराम परब म्हणून जो माणूस माहीत आहे तो मी आहे. वय सत्तावीस, अंधेरीला औषधांची माहितीपत्रकं तपासते. गिरणी मी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या नावापुढे जागा रिकामी होती आणि माझ्या मताला जागा नव्हती. कारण एवढंच. पुढची पत्रं मात्र कारण नसताना लिहिली. तुमचं लेखन थांबेल असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला ती पत्रं लिहायला आवडत होती.

तुमच्या मुलीची रजा माझ्यामुळे वाया गेली, तेव्हा मात्र मला जेवण जाईना. ३० जूनला, रविवारी, मी काकांच्या घरी गेले. तिथे जे झालं ते जसंच्या तसं लिहिते; निदान ही एक नोंद खरी असू दे.

मी म्हटलं, “काका, मी तुमच्या नावाने पत्रं लिहिली.”

“कोणाक?”

“सव्वातीनचं पाणी लिहिणाऱ्या बाईंना.”

“काय लिव्हलंस?”

मी ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ह्या मी बोललंय?”

“नाही. तुम्ही झोपला होतात.”

“झोपाक नव्हतंय गो. डोळे मिटून आयकत होतंय.”

त्यांची सून माधुरी आतून म्हणाली, “बाबा, घोरत होतात. सुलक्षणाताईंनी सांगितलंय मला.”

“तू गप ऱ्हव.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाय, माणसाचा नाव घेतलंस, तर माणसाक विचारूक नको?”

मला रडू आलं. त्यांनी ते थांबवलं नाही की समजूतही काढली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, आता आण ते पुस्तक परत, मी निम्मंच वाचलं होतं. मी पुस्तकही दिलं आणि तुमच्या प्रकरणांची फाईलही. तीन दिवसांनी त्यांनी बोलावलं.

नलिनीताई, त्यांचं मत माझ्या अगदी उलट आहे. ते म्हणाले, द्वारका परत येणारच, पुस्तकात बरोबर आहे, ही नवीन पानं कोणी लिहायला सांगितली? मी म्हटलं, मी. मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. ते दहा वर्षांचे असताना आई घर सोडून बहिणीकडे गेली होती. चार महिन्यांनी परत आली. दुपारची वेळ, सगळी चाळ निजलेली. काका दारात बसले होते. “आवस जिनो चढत होती आणि आवाज नाय. चपला हातात घेतलेल्यान. शेजारणींका कळाक नको म्हणून. तू लिव्हतंस वजन नाय, वजन नाय. अगो, वजन होता म्हणान तर पाय असे टाकीत होती.”

ऑफिसात ओळीवर पट्टी ठेवून तपासते तसं मी ते वाक्य लिहिलं होतं, आणि ते चुकीचं आहे. निदान चुकीचं असू शकतं. तुम्ही त्यावर सहा प्रकरणं उभी केलीत.

६ तारखेला वाचनगटातही मी सगळं सांगितलं आहे आणि वही रुचिराकडे दिली आहे. चंद्रप्रकाशकाका म्हणाले, “तुझ्यापेक्षा आधीचा बरा होता, निदान स्वतःच्या नावाने पीळ मारायचा.” बरोबर आहे त्यांचं.

क्षमा मागते. ती मिळावी असं मात्र म्हणवत नाही.

गंधाली आठल्ये

•

मुलुंड (पूर्व)
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

उत्तर आलेलं नाही. पाच आठवडे झाले. टपालपेटी बघायचं मी बंद केलं आहे, म्हणजे दिवसातून एकदाच बघते.

तू लिहिलंस की आता तरी हलकं वाटत असेल. नाही वाटत. थकल्यासारखं वाटतं. एका बाईंनी अकरा वर्षांनी वही उघडली आणि माझ्यामुळे मिटली, एवढंच मनात येतं. काशीरामकाका भेटले की विचारतात, “बाईचा काय पत्र?” मी मान हलवते. काल म्हणाले, “तू नाय तर मी लिव्हतंय.” त्यांनी माझ्याकडून पत्ता घेतला. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गंधाली

•

बोरिवली (पश्चिम)
२० सप्टेंबर २०२४

गंधाली,

जुलैत तुझं पत्र वाचून मी सहा प्रकरणं कपाटात, चादरींच्या खाली ठेवली. फाडली नाहीत. फाडायलाही हुरूप लागतो.

पहिले पंधरा दिवस तुझा राग आला. मग एका सकाळी नंदकुमारांची दाढी करताना एक प्रश्न पडला आणि तो जाईना. ते वाक्य तू फेब्रुवारीत तुझ्याच नावाने पाठवलं असतंस, तर मी काय केलं असतं? मी स्वतःशी फार प्रामाणिक नसते, पण त्यांच्या गळ्यावर वस्तरा असताना खोटा विचार करवत नाही. मी ते बाजूला ठेवलं असतं. ‘हल्लीच्या मुली, त्यांना बाई परत आलेली चालतच नाही’, असं म्हणून. गिरणीत काम केलेल्या म्हाताऱ्याने माझं पुस्तक वाचलं, मला पकडलं, याचा मला मोह पडला होता. वाक्य तेच, पण मी माणूस बघून ते खरं मानलं. तेव्हा फसवणुकीत माझाही वाटा आहे. तुझा कमी होत नाही त्याने.

परबांचं पत्र आलं. चार ओळी, पेन्सिलीने. ‘बाई, पोरीने माझ्या आईचं लिहिलं ते खरं आहे. तुमचं पुस्तक मी आता पुरं केलं. नवीन लिहिलंत त्यात भांडी घासायची पानं बरी आहेत. थांबू नका.’ अर्पणपत्रिकेचं मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

त्यांच्या आईच्या हातातल्या चपला मला दिसत राहिल्या. मी लिहिलेला बिनआवाजाचा जिना कंटाळ्यातून आला होता. पण त्या बाईला तो खरोखरच बिनआवाजाचा करावा लागला. मी तिला घरापर्यंत आणलं आणि दारातून पळ काढला, चूक तिथे होती. आता तिच्याबरोबर आत जायचं आहे. म्हणून तिसऱ्यांदा सुरुवात केली. पहिलं प्रकरण सोबत आहे, एकोणीस पानं.

आता ऐक. मला आता फार थोडी ताकद उरली आहे. नंदकुमार गेल्या महिन्यापासून अंथरुणावरच आहेत. हे प्रकरण उभं राहत असेल तर मी पुढे लिहीन, माझं जे काय व्हायचं ते होवो. राहत नसेल तर आता थांबेन, आणि तेही मला चालेल. श्वेता ‘छान आहे आई’ म्हणते. ती आईशी बोलते, पुस्तकाशी नाही. परबांना मी विचारणार नाही. त्यांनी मला जे द्यायचं ते दिलं.

तुला विचारते. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. घाबरून लिहू नकोस. तुझ्या नावाने लिही.

नलिनी

•

मुलुंड (पूर्व)
४ ऑक्टोबर २०२४

प्रिय नलिनीताई,

प्रकरण दहा दिवस माझ्याजवळ आहे. मी चार उत्तरं लिहून फाडली. चारही ‘आवडलं’ अशी होती.

ते उभं राहत नाही.

पहिल्या अकरा पानांत द्वारका जिना चढते, चपला हातात घेते, शेजारणींच्या दारांवरून जाते, आणि प्रत्येक पायरीवर आपण का परत चाललो आहोत याचा विचार करते. विचार सगळे बरोबर आहेत. काशीरामकाकांना हवं ते त्यात आहे, मी जो आक्षेप घेतला होता त्याचंही उत्तर आहे. आणि म्हणूनच मला ती दिसली नाही. तुम्ही आम्हा दोघांना समजावून सांगत आहात. एवढ्या जिन्यात कोणी बाई स्वतःला इतकं सांगत नसेल. ऊन असेल, पाय भाजत असतील, एवढंच.

बाराव्या पानावर ती आत येते. नवऱ्याने तांदळाच्या डब्याची जागा बदललेली असते. ती चौथ्या फळीवर शोधते, तो खालच्या फळीकडे बोट दाखवतो. तो विचारतो, “राहणार?” ती म्हणते, “किती टाकू?” हे पान मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा उघडायचा विसरले. तिथून एकोणिसाव्या पानापर्यंत मी एकदाही लेखिकेचा विचार केला नाही. तुमच्या आजारी माणसाचा, तुमच्या थकव्याचाही केला नाही. फक्त पुढे काय होतं ते हवं होतं.

तुम्ही लिहिलंत की उभं राहत नसेल तर थांबेन. हे वाचून मला भीती वाटते. अकरा पानं वाईट म्हणताना आठ पानंही हातातून जातील अशी भीती. तरी मी ते लपवणार नाही. ही अकरा पानं द्वारकेची नाहीत, आमची आहेत. काढून टाका. आम्हालाही काढून टाका, काशीरामकाकांना आणि मला. कादंबरी दाराच्या आत सुरू होते.

माझं चुकत असेल. हे फक्त माझं मत आहे, गटातल्या कोणालाही मी विचारलेलं नाही.

गंधाली आठल्ये